जगापुढील मोठ्या जोखमी आणि तज्ज्ञांचे अंदाज: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘जागतिक जोखीम’ म्हणजे काय? धोका आणि जोखीम यांत फरक काय?

मराठीत ‘जोखीम’ हा शब्द जुना आहे. ‘प्रवासात अंगावर जोखीम नको’ असे घरातली वडीलधारी माणसे म्हणत, तेव्हा त्यांना दागिने किंवा रोकड अभिप्रेत असे, म्हणजे गमावण्यासारखे काहीतरी. आजचा शास्त्रीय अर्थही त्यापासून फार दूर गेलेला नाही. भूकंप, महापूर किंवा साथीचा रोग हा धोका झाला. तो प्रत्यक्ष येण्याची शक्यता किती, आल्यास किती माणसे, घरे आणि व्यवहार त्याच्या तावडीत सापडतील आणि त्यांची सोसण्याची ताकद किती, या सगळ्याचा एकत्र विचार केला की ती जोखीम होते. निर्जन वाळवंटातला मोठा भूकंप हा मोठा धोका असला तरी जोखीम लहान असते, आणि दाट वस्तीत, कच्च्या घरांखाली आलेला मध्यम भूकंप ही मोठी जोखीम ठरते. एका देशापुरती न राहता अनेक देशांच्या लोकसंख्येला, अर्थव्यवस्थेला किंवा निसर्गसंपत्तीला मोठी झळ पोहोचवू शकेल अशा जोखमीला या लेखात ‘जागतिक’ म्हटले आहे.

अशा जोखमींबद्दल तज्ज्ञांचे मत कोण आणि कसे गोळा करते?

सर्वाधिक बातम्या होतात त्या वर्ल्ड इकॉनॉमिक फोरमच्या जागतिक जोखीम अहवालाच्या. तो २००६ पासून दरवर्षी, स्वित्झर्लंडमधील दावोस येथे भरणाऱ्या फोरमच्या वार्षिक बैठकीच्या तोंडावर, जानेवारीत प्रसिद्ध होतो. त्याचा पाया म्हणजे विद्यापीठे, उद्योग, सरकारे, आंतरराष्ट्रीय संघटना आणि स्वयंसेवी क्षेत्र यांतील जाणकारांचे सर्वेक्षण. २०२४ च्या अहवालासाठी १,४९० जणांनी, २०२५ च्या अहवालासाठी ९०० हून अधिक जणांनी आणि २०२६ च्या अहवालासाठी १,३०० हून अधिक जणांनी मत नोंदवले. तीसहून अधिक जोखमींची यादी समोर ठेवली जाते आणि पुढील दोन वर्षांत व पुढील दहा वर्षांत प्रत्येकीची तीव्रता किती असेल, हे १ ते ७ या श्रेणीत सांगायला सांगितले जाते.

येथे एक गोष्ट आवर्जून लक्षात घ्यावी. ही प्रश्नावली आधीच्या शरद ऋतूत भरून घेतली जाते. जानेवारीत आपण वाचतो ते मत सप्टेंबरच्या आसपासच्या मनःस्थितीचे असते, आणि मधल्या तीन-चार महिन्यांत जग पुष्कळ हललेले असू शकते.

अलीकडच्या अहवालांत तज्ज्ञांनी कोणत्या जोखमी वर ठेवल्या?

२०२४ आणि २०२५ या दोन्ही अहवालांत, दोन वर्षांच्या कालावधीसाठी, पहिल्या क्रमांकावर चुकीची व हेतुपुरस्सर पसरवलेली खोटी माहिती होती. चालू वर्षात कोणती एक जोखीम सर्वांत गंभीर संकट घडवू शकेल, असा प्रश्न स्वतंत्रपणे विचारला जातो. २०२५ मध्ये त्याला सर्वाधिक, म्हणजे २३ टक्के लोकांनी देशादेशांतील सशस्त्र संघर्ष असे उत्तर दिले. २०२६ च्या अहवालात ती जागा भू-आर्थिक संघर्षाने घेतली. आयातशुल्क, निर्बंध, कच्च्या मालाची अडवणूक यांचा शस्त्रासारखा वापर असा त्याचा अर्थ आहे, आणि १८ टक्के लोकांनी त्याकडे बोट दाखवले.

दहा वर्षांचा प्रश्न विचारला की चित्र पालटते. तिथे तिन्ही वर्षी तीव्र हवामानाच्या घटना पहिल्या क्रमांकावर आहेत, आणि जैवविविधतेचा ऱ्हास व पृथ्वीच्या नैसर्गिक व्यवस्थांमधील निर्णायक बदल त्यांच्या लगेच खाली आहेत.

दोन वर्षांची आणि दहा वर्षांची यादी इतकी वेगळी का?

जवळचा प्रश्न विचारला की माणूस कालच्या बातमीवरून उत्तर देतो, तज्ज्ञही त्याला अपवाद नाहीत. लांबचा प्रश्न विचारला की मुळाशी काय चालले आहे याकडे लक्ष जाते. कृत्रिम बुद्धिमत्तेचे दुष्परिणाम २०२५ च्या अहवालात दोन वर्षांच्या यादीत ३१ व्या क्रमांकावर होते, आणि त्याच लोकांनी भरलेल्या दहा वर्षांच्या यादीत ते ६ व्या क्रमांकावर आले. जोखीम तीच, उत्तर देणारेही तेच, बदलली ती फक्त मुदत. म्हणून वर्तमानपत्रात ‘तज्ज्ञांच्या मते जगाला सर्वांत मोठा धोका अमुक’ असा मथळा दिसला आणि त्यात मुदत दिली नसेल, तर तो मथळा अपुरा आहे असे खुशाल समजावे.

ही यादी म्हणजे भाकीत आहे का? ती खरी ठरते का?

ती भाकीत नाही. कशाची किती काळजी वाटते याची ती नोंद आहे, आणि काळजीची नोंद कधी अचूक ठरते, तर कधी सपशेल हुकते.

जानेवारी २००८ च्या अहवालात मालमत्तांच्या किमती कोसळण्याची जोखीम अग्रभागी होती. त्याच वर्षी १५ सप्टेंबरला लेहमन ब्रदर्स या अमेरिकी गुंतवणूक बँकेने दिवाळखोरी जाहीर केली आणि जगभरच्या बाजारांचे कंबरडे मोडले. हे श्रेय द्यायलाच हवे. आता दुसरी बाजू. १५ जानेवारी २०२० रोजी प्रसिद्ध झालेल्या अहवालात, शक्यतेच्या निकषावर पहिल्या पाचही जोखमी पर्यावरणाशी संबंधित होत्या. संसर्गजन्य रोग परिणामाच्या यादीत १० व्या क्रमांकावर होते आणि शक्यतेच्या पहिल्या दहांत त्यांचा पत्ताच नव्हता. त्यानंतर पंधरा दिवसांत, ३० जानेवारीला, जागतिक आरोग्य संघटनेने कोरोनाच्या साथीबाबत आंतरराष्ट्रीय आरोग्य आणीबाणी जाहीर केली.

यावरून ‘तज्ज्ञांना काही कळत नाही’ असा निष्कर्ष काढणे मला अन्यायाचे वाटते. साथरोगतज्ज्ञ अशा साथीचा इशारा वर्षानुवर्षे देत होते. मात्र वेगवेगळ्या क्षेत्रांतील हजारभर लोकांच्या मतांची सरासरी काढली की त्या विषयात आयुष्य घालवलेल्या मूठभरांचा आवाज त्यात विरून जातो. सर्वेक्षणाची ही मर्यादा त्याच्या रचनेतच आहे.

यादीत खाली असलेल्या जोखमीकडे दुर्लक्ष केले तर चालेल का?

नाही, आणि हे सांगायला महाराष्ट्राबाहेर जाण्याची गरज नाही.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेश विसर्जनाच्या रात्री, ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर आणि उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव, या जिल्ह्यांत भूकंप झाला. किल्लारी, सास्तूर आणि आसपासची गावे जमीनदोस्त झाली आणि सुमारे आठ हजार माणसे गेली. भूकंपाची तीव्रता ६.२ च्या आसपास होती, जगाच्या मोजमापात मध्यम म्हणावी अशी. त्या वेळच्या अधिकृत भूकंपप्रवण नकाशात हा भाग झोन १ मध्ये, म्हणजे सर्वांत कमी जोखमीच्या पट्ट्यात होता. दख्खनचे पठार हा स्थिर खडक आहे, तिथे मोठा भूकंप होणार नाही, अशी तेव्हाची सर्वसाधारण समजूत होती. कोयनेला १९६७ मध्ये मोठा धक्का बसला होता, पण तो धरणाच्या जलाशयाशी जोडला गेला आणि मराठवाड्यापर्यंत त्याचा अर्थ पोहोचला नाही. किल्लारीच्या लोकांना तर १९९२ मध्ये लहान धक्के जाणवलेही होते.

तिथले घर कसे होते ते पाहिले म्हणजे जोखीम हा शब्द डोळ्यांपुढे उभा राहतो. दोन-तीन फूट जाडीच्या भिंती, बाहेरून आणि आतून दगड, मध्ये माती आणि दगडांची भर. दोन्ही बाजूंचे दगड एकमेकांना बांधणारा लांब आडवा दगड बहुतेक भिंतींत नव्हता. वर माळवद, म्हणजे लाकडी तुळया, त्यांवर फळ्या आणि त्यांवर मातीचा जाड थर. उन्हाळ्यात या माळवदाखाली गारवा राहतो, पावसाळ्याआधी त्यावर नवी माती पसरायची, दरवर्षी वजन थोडे वाढायचे. मराठवाड्याच्या उन्हात ते शहाणपणाचे बांधकाम होते. ज्या नकाशावर भूकंप नाही, त्या नकाशाच्या भरवशावर राहणाऱ्या माणसाने याहून वेगळे घर का बांधावे? त्या पहाटे भिंती फुगून बाहेर पडल्या, वरची माती झोपलेल्या माणसांवर आली आणि पुष्कळ जण तिच्याखाली गुदमरून गेले.

२००२ मध्ये नकाशा सुधारताना झोन १ हा वर्गच रद्द करण्यात आला आणि किल्लारीचा परिसर झोन ३ मध्ये गेला. ‘जोखीम नाही’ असे सांगणारा रकानाच नकाशातून काढून टाकणे ही मला या क्षेत्रातील सर्वांत प्रामाणिक दुरुस्ती वाटते.

तज्ज्ञ ‘शक्यता आहे’ म्हणतात तेव्हा ती नेमकी किती असते?

हा प्रश्न दिसतो त्यापेक्षा बराच महत्त्वाचा आहे. १९५१ मध्ये अमेरिकी गुप्तचर विश्लेषकांनी युगोस्लाव्हियावर सोव्हिएत गोटाकडून हल्ला होण्याची ‘गंभीर शक्यता’ असल्याचे लिहिले. तो मजकूर तयार करणाऱ्यांपैकी शर्मन केंट यांना नंतर एका अधिकाऱ्याने याचा अर्थ विचारला. केंट यांच्या मनात ६५ टक्क्यांच्या आसपासचा आकडा होता. त्यांनी आपल्या सहकाऱ्यांना विचारले, तेव्हा कोणाच्या मनात २० टक्के निघाले आणि कोणाच्या मनात ८० टक्के. सर्वांनी एकाच वाक्याला संमती दिली होती आणि प्रत्येकाने वेगळ्याच गोष्टीला दिली होती.

हवामानबदलावरील आंतरसरकारी समितीने म्हणूनच आपल्या शब्दांना आकडे बांधून दिले आहेत. तिच्या अहवालात ‘संभाव्य’ म्हणजे ६६ टक्के किंवा अधिक, ‘अतिसंभाव्य’ म्हणजे ९० टक्के किंवा अधिक आणि ‘जवळजवळ निश्चित’ म्हणजे ९९ टक्के किंवा अधिक. २०२१ च्या अहवालात मानवी कृतींमुळे वातावरण, महासागर आणि भूमी तापली हे विधान या सगळ्या पायऱ्यांच्या पलीकडे नेऊन ‘निःसंदिग्ध’ या शब्दात मांडले गेले. बातमीदार या शब्दांचे भाषांतर ‘शक्यता’, ‘दाट शक्यता’ असे मनाला येईल तसे करतात, तेव्हा वर्षानुवर्षांचे काम पाण्यात जाते.

आपल्या रोजच्या ओळखीचे उदाहरण भारतीय हवामान विभागाचे आहे. ‘कोकणात तुरळक ठिकाणी मुसळधार पाऊस’ हे वाक्य आपण पावसाळाभर ऐकतो. त्यातील ‘तुरळक ठिकाणी’ हा ढिला शब्द नाही. त्या विभागातील २५ टक्क्यांपर्यंतच्या केंद्रांवर, असा त्याचा ठरलेला अर्थ आहे. ‘काही ठिकाणी’ म्हणजे २६ ते ५० टक्के, ‘बऱ्याच ठिकाणी’ म्हणजे ५१ ते ७५ टक्के. शिवाय हा शब्द पाऊस किती भागात पडेल हे सांगतो, पडण्याची खात्री किती हे सांगत नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि त्याच शहरात कुलाब्याला ७५ मिलिमीटरही झाला नाही. ‘अंदाज चुकला’ म्हणण्याआधी तो कशाविषयी होता हे पाहणे किती आवश्यक आहे, हे यावरून दिसते.

मानवजात नष्ट होण्याची टक्केवारी सांगितली जाते, ती कशावरून?

काही अभ्यासांत हा प्रश्न थेट विचारला गेला आहे. २०२२ मध्ये फोरकास्टिंग रिसर्च इन्स्टिट्यूटने १६९ जणांची एक दीर्घ स्पर्धा घेतली. त्यात एका बाजूला अण्वस्त्रे, साथरोग, कृत्रिम बुद्धिमत्ता अशा विषयांचे तज्ज्ञ होते आणि दुसऱ्या बाजूला पूर्वीच्या स्पर्धांत ज्यांचे अंदाज सातत्याने अचूक ठरले होते असे निष्णात अंदाजकर्ते होते. २१०० पर्यंत मानवजात नष्ट होण्याची शक्यता तज्ज्ञांच्या मध्यम अंदाजानुसार (सर्व उत्तरे क्रमाने लावल्यावर मधोमध येणाऱ्या अंदाजानुसार) ६ टक्के होती, निष्णात अंदाजकर्त्यांच्या मते १ टक्का. पाच वर्षांच्या आत जगातील दहा टक्के लोक मरतील अशी महाआपत्ती या शतकात येण्याची शक्यता तज्ज्ञांनी २० टक्के आणि अंदाजकर्त्यांनी ९ टक्के धरली. सर्वांत मोठी तफावत कृत्रिम बुद्धिमत्तेबाबत होती. मानवजात तिच्यामुळे नष्ट होण्याची शक्यता तज्ज्ञांनी ३ टक्के तर अंदाजकर्त्यांनी ०.३८ टक्के मानली. दोन्ही गटांना महिनोन्‌महिने एकमेकांची बाजू वाचायला आणि खोडून काढायला वाव दिला होता, बक्षिसेही होती. तरीही मते फारशी जवळ आली नाहीत.

२०२३ मध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेच्या २,७७८ संशोधकांचे सर्वेक्षण झाले. मानवजातीचा अंत किंवा तितक्याच गंभीर परिणामाची शक्यता त्यांच्या मध्यम उत्तरात ५ टक्के होती. ही संख्या सर्वत्र छापली गेली, पण त्याच सर्वेक्षणातील दुसरी गोष्ट मला जास्त बोलकी वाटते. ‘यंत्रे प्रत्येक काम माणसाहून चांगले आणि स्वस्तात करू लागतील’ अशी शक्यता निम्मी कधी होईल, असे विचारल्यावर एकत्रित उत्तर २०४७ आले. ‘प्रत्येक व्यवसाय पूर्ण यांत्रिक होऊ शकेल’ अशी शक्यता निम्मी कधी होईल, असे विचारल्यावर ते २११६ आले. दोन प्रश्नांचा आशय बराचसा सारखाच आहे, आणि केवळ शब्दरचनेने उत्तर ६९ वर्षांनी सरकले.

म्हणजे हे आकडे निरर्थक आहेत का? माझ्या मते नाहीत. १ टक्का असो वा ६ टक्के, ज्या विमानाबद्दल जाणकारांमध्ये असा वाद चालू असेल त्यात आपण मुलांना बसवणार नाही. मात्र ५ टक्के हा आकडा तापमापकावर वाचलेल्या आकड्यासारखा वापरू नये.

‘डूम्सडे क्लॉक’ हेही असेच सर्वेक्षण आहे का?

नाही. जग विनाशाच्या किती जवळ आले आहे हे दाखवणारे ते प्रतीकात्मक घड्याळ आहे. त्यात मध्यरात्र म्हणजे विनाश, आणि काटा कुठे ठेवायचा हे एक मंडळ विचारविनिमयाने ठरवते. ‘बुलेटिन ऑफ द ॲटॉमिक सायंटिस्ट्स’ने ते १९४७ मध्ये सुरू केले, तेव्हा काटा मध्यरात्रीच्या सात मिनिटे आधी होता, आणि तोही मुखपृष्ठाच्या चित्रकर्तीला तसा शोभून दिसला म्हणून. शीतयुद्ध संपताना, १९९१ मध्ये, तो १७ मिनिटांपर्यंत मागे गेला. जानेवारी २०२५ मध्ये तो ८९ सेकंदांवर आणला गेला. सेकंदांतील या फरकाला गणिती अर्थ नाही.

ज्याचा इशारा दिला ते घडलेच नाही, तर तज्ज्ञ चुकले असे म्हणायचे का?

अनेकदा उलट असते. १९७४ मध्ये मारिओ मोलिना आणि शेरवुड रोलँड यांनी, शीतकपाटांत आणि फवाऱ्यांच्या डब्यांत वापरली जाणारी क्लोरोफ्लुरोकार्बन ही रसायने ओझोनचा थर नष्ट करतील असे दाखवले. १९८५ मध्ये अंटार्क्टिकावरील ओझोनचे छिद्र उघडकीस आले, १९८७ मध्ये या रसायनांना आळा घालणारा मॉन्ट्रियल करार झाला आणि आज तो थर हळूहळू भरून येत आहे. ज्या पिढीने हे संकट पाहिलेच नाही तिला तो सगळा गाजावाजा वाटतो, आणि हेच त्या यशाचे मोजमाप आहे.

आपल्याकडे १९९९ च्या महाचक्रीवादळात ओडिशात सुमारे दहा हजार माणसे मृत्युमुखी पडली. २०१३ मध्ये फायलिन हे अतितीव्र चक्रीवादळ त्याच किनाऱ्यावर आले, तेव्हा लाखो लोकांना आधीच निवाऱ्यांत हलवले होते आणि मृतांची संख्या शंभराच्या आत राहिली. वादळ ओसरल्यावर ‘उगाच घरातून काढले’ असे म्हणणारेही होतेच. त्यांना तसे म्हणता आले ते जिवंत राहिले म्हणून.

मग कोणत्या तज्ज्ञाचे ऐकावे?

फिलिप टेटलॉक या मानसशास्त्रज्ञाने १९८० च्या दशकापासून सुमारे वीस वर्षे २८४ तज्ज्ञांचे राजकीय व आर्थिक अंदाज जमवून ते काळाच्या कसोटीवर घासून पाहिले. दूरच्या मुदतीचे अंदाज योगायोगाहून फारसे सरस निघाले नाहीत. सर्व प्रश्नांना एकाच मोठ्या सिद्धांताची फूटपट्टी लावणारे सर्वाधिक चुकले, आणि वाहिन्यांवर ज्यांना जास्त बोलावले जाई त्यांची कामगिरी इतरांहून बरी नव्हती. जे अनेक बाजूंनी पाहत, आकड्यांत बोलत आणि नवी माहिती येताच मत थोडेथोडे बदलत, ते तुलनेने बरे ठरले. म्हणून ज्या तज्ज्ञाने गेल्या वेळी आपले कुठे चुकले हे लेखी सांगितले आहे, त्याच्याकडे मी अधिक लक्ष देतो.

जोखीम अहवाल हाती आल्यावर आधी काय वाचावे?

परिशिष्ट. तिथे प्रश्नावली कधी भरली गेली, किती जणांनी भरली, ते कोणत्या प्रदेशांतील, वयोगटांतील आणि क्षेत्रांतील होते हे दिलेले असते. प्रत्येक जोखमीची व्याख्याही तिथेच असते, आणि वर्षागणिक ती बदलते. एखादी जोखीम दोन भागांत विभागली जाते, दोन जोखमी एकत्र केल्या जातात, नाव बदलते. ‘गेल्या वर्षी पाचवी होती, यंदा नववी’ या तुलनेत कधीकधी जग बदललेले नसते, तर फक्त व्याख्या बदललेली असते. त्यानंतर दहा वर्षांचा तक्ता घ्यावा आणि तो खालून वर वाचत यावा. प्रत्येक नोंदीपाशी थांबून, ही जोखीम खरी ठरली तर आपल्या गावात तिच्यासाठी आज कोणाकडे कोणती तयारी आहे, हे ग्रामपंचायतीत, तहसील कार्यालयात किंवा महापालिकेच्या आपत्ती व्यवस्थापन कक्षात जाऊन विचारावे. जिल्ह्याचा आपत्ती व्यवस्थापन आराखडा २००५ च्या कायद्यानुसार तयार केलेला असतो, आणि तो पाहायला मागण्याचा आपल्याला अधिकार आहे.